दगडी पाटा आणि फॉरेन पिक्चर

सर, कॉलेजातून फोन आला होता. तुमच्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून. फोन करणारा आता संस्थेचा सचिव आहे. एके काळी माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसून डब्यातली चटणी चाटायचा. "म्याडम," म्हणाला, "सरांवर लिवायला तुमच्याशिवाय कोण हाय? स्मरणिका काढायलोय. ते तुमचं अमेरिकन पिक्चर भारी का फॉरेन पिक्चर भारी, लय गाजलं होतं म्हणत्यात. तेच लिवा. वाचणाऱ्याला हासू यावं आसं." त्याने तो परिसंवाद पाहिलेलाही नाही. तो कॉलेजात आला तोवर त्याचा विनोद होऊन गेला होता. मी हो म्हटलं, टेबलाशी बसले, आणि हसू यावं असं एक वाक्य सुचेल तर शपथ. म्हणून स्मरणिका बाजूला सारली आणि हे तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. जिवंत होतात तेव्हाही न आवडणारं तुम्ही फारसं वाचत नव्हतात.

मुळात तो प्रश्न परभणीत कुणाला पडला नसता, तो तुम्ही पाडलात. गावाच्या लेखी जगात पिक्चरच्या दोनच जाती होत्या, हिंदी आणि इंग्रजी. रशियातला असो, जपानातला असो, नाहीतर हाँगकाँगच्या मारामारीचा असो, हिंदी नाही तो इंग्रजी. आणि इंग्रजी म्हणजे रविवारी सकाळी थिएटरला लागणारा मॉर्निंग शो, ज्याला माणसं तोंडावर उपरणं ओढून जात आणि सुटल्यावर एकमेकांना ओळख देत नसत. तुमच्या चित्रपट मंडळाचा पहिला खेळ तुम्ही नेमका रविवारी सकाळी ठेवलात. कॉलेजच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि बाहेर फळ्यावर लिहिलंत, 'निवडक परदेशी चित्रपट'. अर्धा मोंढा, आडते-हमाल सगळे, लोटला. पडद्यावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी पीठ मळत होती. मळत होती, मळत होती. शेवटी मागून एक आडत्या कळवळून ओरडला, "सर, ही बाई नुसत्या भाकरीच थापणार हाय, का फुडं काई हाय?" हॉलभर हशा पिकला. निम्म्याहून जास्त लोक हसत हसत बाहेर पडले आणि तुम्ही पांढरेफटक पडलात. उरले काही वकील-डॉक्टर, त्यांच्या बायका, स्टाफरूममधली मंडळी आणि आम्ही थोडी पोरं. त्या उरलेल्यांना तुम्ही चष्मा पुसत सांगितलंत, "अमेरिकन पिक्चर हा धंदा आहे. आपण फक्त फॉरेन बघायचे." मी म्हटलं, "सर, अमेरिका काय पिंगळीच्या पुढचं स्टेशन आहे का? तेही फॉरेनच की." तुम्ही म्हणालात, "काय कॉन्व्हेंट, जीभ फार चालायला लागली." पण हसलात. तेव्हा तुम्हाला माझी जीभ आवडायची.

कॉन्व्हेंट हे तुम्हीच मला ठेवलेलं नाव. वडील रेल्वेत गार्ड, घर पूर्णेच्या क्वार्टरांत, आणि आईच्या हट्टापायी मी वाढले सिकंदराबादला, नन्सच्या बोर्डिंगमध्ये. तिथं नाताळात आणि फादर आले की अमेरिकन पिक्चर दाखवत. नायक-नायिका जवळ यायला लागली की मशीनपाशी बसलेली सिस्टर भिंगापुढे हात धरायची, आणि भिंतीवर एक भलामोठा काळा पंजा उभा राहायचा. प्रेम म्हणजे पंजा, असंच आम्हाला कितीतरी दिवस वाटायचं. मराठी मला घरात पाणी मागण्यापुरतं येत होतं, तेही हिंदी-तेलुगू कालवलेलं. बी.ए.ला परभणीला आले तेव्हा तुमच्या मराठीच्या तासाला उशीर झाला, आणि कारण सांगताना मी म्हणाले, "सर, आंघोळ घेत होते." तुम्ही फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणालात, "आंघोळ करतात. घेतात ती लाच." वर्ग हसत सुटला. मी तोंड लपवून रडले. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला घरी बोलावलंत, बाईंनी, म्हणजे तुमच्या मिसेसनी, चहा केला, आणि तुम्ही तुमचा स्वतःचा जुना शब्दकोश, कडा कसरीने खाल्लेला, माझ्यापुढे ठेवलात. "हसणाऱ्यांना मराठी येतं असं समजू नकोस," म्हणालात. आज ज्या मराठीत मी तुम्हाला बोल लावते आहे ती तुमची आहे. मला राग येतो त्यात हाही एक राग आहे.

मग मला काम लागलं. तुमचे पिक्चर रेल्वेने पत्र्याच्या डब्यांतून यायचे, भाषा कुठलीतरी, खाली ओळी इंग्रजीत. त्या वाचेपर्यंत हॉल निम्मा मागे पडायचा. तुम्हीसुद्धा, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. तेव्हा मी मशीनशेजारी स्टुलावर, हातात माइक, आणि पडद्यावर ओळ उमटली की लगेच मराठीत म्हणायची. तुमचा नियम कडक होता. पदरचं काही घालायचं नाही. "भाषांतर करणाऱ्याने काच व्हावं. काचेतून दिसतं, काच दिसत नाही." मी काच व्हायला शिकले. आणि खेळानंतर चहा पिताना तुम्ही जे बोलायचात ते अजून माझ्या कानात आहे, कारण ते खरोखर चांगलं होतं. तुम्ही म्हणायचात, अमेरिकन पिक्चर प्रेक्षकाला लहान मूल समजतो. त्यात वाईट माणूस दुरून ओळखू येतो, सगळे सगळं बोलून दाखवतात, आणि शेवटच्या रिळात कुणीतरी धावत येऊन सगळं नीट करतं. खरा कॅमेरा धावत नाही. तो उभा राहतो, बघतो, निवाडा देत नाही. तुम्ही हे सांगत असताना डॉक्टरांच्या बायका चहा थंड होऊ द्यायच्या.

माझ्याबरोबर पॅसेंजरने एक मुलगी यायची. ती चुडाव्याला चढायची, मी पूर्णेला. माझ्याच वर्गातली, चुडाव्याजवळच्या तुमच्याच मूळ गावची, बौद्धवाड्यातली. तिथल्या तुमच्या माडीच्या मागच्या खिडकीतून त्यांची घरं दिसायची, असं तिनेच मला सांगितलं होतं. मंडळात तिला मी ओढून आणलं. तुमच्यासमोर ती सांभाळून, पुस्तकातलं मराठी बोलायची, कारण वर्गात कुणी 'मपलं' म्हणालं की तुम्ही "माझं म्हणा, माझं" असं टोकायचात. पण माझ्या कानाशी ती तिच्या भाषेत कुजबुजायची. कुठलाही पिक्चर असो, तिचा प्रश्न एकच, "ह्या लोकांचं पोट कशावर चालतंय गं? दिवसभर खिडकीतच उभे हायत." मी हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, प्रश्न मार्मिक आहे.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धवाडे पेटले. कॉलेज बंद, गाड्या बंद. क्वार्टरांत बसून आम्ही फक्त ऐकत होतो, आज इथं, काल तिथं. गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी ती चुडाव्याला चढली नाही. पूर्णेच्याच फलाटावर उभी होती. घर गेलं होतं. तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, वर पाचटाचं छप्पर, किती वेळ लागणार. आई-वडिलांसह ती मामाच्या खोपटात, पुलापलीकडे राहायला आली होती. अंगावर जे होतं त्यातच होती. मी माझी साडी देऊ केली तर म्हणाली, "दे, पण कॉन्व्हेंटवाली फिकी देऊ नको, मळती."

मग एक दिवस, परभणीला, आपण तिघं तुमच्या स्वयंपाकघरात बसलो आहोत. बाई चुलीशी, तुम्ही पाटावर. तुमच्याकडे कपबशी वेगळी नसायची, ही तुमच्या अभिमानाची गोष्ट होती आणि तो अभिमान खोटा नव्हता, त्या काळी परभणीत किती प्राध्यापकांच्या घरी हे घडत होतं? तुम्ही स्वतः तिच्या कपात चहा ओतलात. तिने तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सर, फौजदार म्हणाले, तुमच्या वाड्यातल्याच साक्षी टिकणार नाहीत. गावातलं कुणीतरी हवं. कुणी घरं पेटवली हे गावाला माहीत आहे, बोलत कुणी नाही. तुम्ही त्या दिवशी गावात होता. वडिलांनी सकाळी तुम्हाला अंगणात पेपर वाचताना बघितलं. तुमच्या माडीवरून आमची घरं समोर दिसतात. तुम्ही दोन शब्द सांगितले तर..."

"मी त्या दिवशी तापाने पडून होतो, बाळ," तुम्ही म्हणालात. "दुपारपासून खिडक्या लावलेल्या. मी काही बघितलं नाही."

"धूर तरी, सर?"

"धूर होता. धुरावरून कुणाचं नाव घेऊ?"

बाई वळल्या. "अहो..." एवढंच म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "तू दूध बघ. उतू जाईल."

दूध काही उतू गेलं नाही. आम्ही बाहेर पडलो, स्टेशनकडे चालत निघालो, आणि वाटेत ती म्हणाली, "ताप आला आसंल खरंच. सर गुणाचे हायत." मी म्हटलं, हो. आमचा दोघींचाही तुमच्यावर विश्वास बसला होता. का बसू नये? तुमचं खोटं आम्ही कधी ऐकलेलंच नव्हतं.

थंडीत तो परिसंवाद झाला. कॉलेज सुरळीत झालं होतं, म्हणजे ज्यांचं काही जळलं नव्हतं त्यांचं सुरळीत झालं होतं. प्राचार्य अध्यक्ष, विषय तुम्ही दिलेला: अमेरिकन चित्रपट इतर परदेशी चित्रपटांपेक्षा सरस आहेत काय? सरस आहेत म्हणायला कुणी तयार होईना. गावात तुमच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे अडाणी ठरायचं. तेव्हा तुम्हीच माझ्याकडे बोट केलंत, "कॉन्व्हेंट बोलेल." मी बोलले. मी म्हटलं, मान्य, अमेरिकन पिक्चर गोड असतो, त्याला नाक-डोळे नीट लावलेले असतात, शेवटी बाजा वाजतो. पण त्याच्यात एक कोर्ट असतं. त्या कोर्टाला दार असतं. आणि त्या दारातून कुणीतरी आत येईल, खरं काय ते बोलेल, अशी आशा सगळ्या पिक्चरभर तेवत असते. खोटी असेल. पण जो समाज हे पुन्हा पुन्हा स्वतःला दाखवतो त्याला निदान लाज तरी वाटत असेल, दार बंद राहिलं तर. तुमच्या फॉरेन पिक्चरात दारच नसतं, सर. नुसती खिडकी. टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात.

मग तुम्ही उभे राहिलात. घसा खाकरलात, चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढलात की वर्गाला कळायचं, आता मनापासून बोलणार. तुम्ही म्हणालात, अमेरिकन दिग्दर्शकाला आग दाखवायला सांगा. तो काय दाखवेल? ज्वाळा, किंकाळ्या, घोडे. आणि खरी आग कशी असते? पावसाळ्यातलं ओलं छप्पर पेटत नाही लवकर. आधी नुसता पांढरा धूर, खाली बसलेला, कोंबड्यांच्या उंचीवर. कुणी किंचाळत नाही. माणसं गप्प असतात, जणू दुसऱ्याच्या घरात काम करताहेत. "आणि एक बाई," तुम्ही म्हणालात, आवाज खाली आणून, "एक बाई घरात धावत जाते आणि बाहेर काय आणते? धान्य नाही. कपडे नाहीत. ती पाटा ओढून आणते. दगडाचा पाटा! जो जळणारच नाही. दोन्ही हातांनी ओढत, पाठमोरी, अंगणात आणून ठेवते आणि वरवंट्यासाठी परत आत जाते. ही प्रतिमा अमेरिकन पिक्चरला शंभर जन्मांत सुचणार नाही. कारण तिच्यात न्याय नाही, फक्त सत्य आहे."

सर, सांगायलाच हवं, ते अप्रतिम होतं. माझ्याही अंगावर काटा आला, आणि तो काटा उतरायच्या आत माझ्या शेजारची खुर्ची वाजली. ती उभी राहिली होती. या खेपेला पुस्तकातलं मराठी नव्हतं.

"सर, ती बाई मपली माय हाय."

तुम्ही चष्मा डोळ्यावर चढवलात.

"पाटा तिनंच वडला. वरवंटा काडाया गेली तवा हात भाजला तिचा. तवा आमच्या आंगणात आमी सोडून कुणी नव्हतं. तुमी कुठून बघितलं?"

तुम्ही कागद गोळा केलेत, पुन्हा पसरलेत, आणि म्हणालात, "कुठंतरी वाचलं असेल."

"कुठल्या पुस्तकात हाय, सर?" ती म्हणाली. तिच्या आवाजात कुठंही रडू नव्हतं, नुसती चौकशी होती. "मायला वाचून दाखवीन म्हणते."

पुढच्या रांगेत डॉक्टरांच्या बायका हसल्या. त्यांना वाटलं हा परिसंवादाचाच भाग आहे. त्यांच्या मागून आणखी दोघं-चौघं हसले, आणि प्राचार्यांनी सुटका झाल्यासारखी घंटा वाजवली. वेळ संपली, दोन्ही बाजू तुल्यबळ, चहा घ्यावा. तेच ते गाजलेलं. एका पोरीने सरांना कसं निरुत्तर केलं, याचा किस्सा. गावाने तो किस्सा वर्षानुवर्षं सांगितला, सांगणाऱ्याप्रमाणे पोरगी कधी मी झाले, कधी ती. आणि पाटा मात्र पहिल्याच फेरीत गळून पडला.

परतीच्या गाडीत पिंगळीला तिने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "तुझ्या अमेरिकेचं पण काई सांगू नको. त्यात तर घर जळालेल्याला बोलूच देत न्हाईत. एक गोरा वकील येतो, तोच बोलतो, आन् शेवटी हे लोक उभे ऱ्हाऊन त्याला सलाम करत्यात. सरांच्या पिक्चरमधी आमाला बघत्यात, तुझ्या पिक्चरमधी आमाला वाचवत्यात. आमी कवा बोलायचं?" मी वाद घातला नाही. तेव्हापासून मी दोन्हीकडचे पुष्कळ पिक्चर पाहिले, आधी व्हिडिओवर, मग टीव्हीवर, आता फोनवरसुद्धा. काही देशांतून असेही आले की ज्यांत घर जळालेला माणूसच कॅमेऱ्यात बघून बोलतो, शिव्या देतो, विनोद करतो. ते तुमच्या पत्र्याच्या डब्यांतून कधी आले नाहीत. आले असते तरी तुम्ही मला माइक दिला असतात का, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. बाई दारातून आत निघून गेल्या. तुम्ही मला बस म्हणाला नाहीत. "भाषांतर करणारी आहेस," म्हणालात, "तेवढंच कर." आणि मी तरीही उभी राहिले, तेव्हा तुम्ही बोललात, मला वाटतं मंडळातसुद्धा कधी बोलला नाहीत इतकं खरं. "माझं शेत तिथं आहे. भाऊ तिथं आहे, त्याची पोरं तिथं आहेत. ज्यांची नावं तुला हवी आहेत ती माझ्या बांधाला बांध लागून आहेत. तू उद्या लग्न करून जाशील. मला त्या पारावर बसायचं आहे. आणि मी बोललो म्हणून काय होईल? आग लावणारे गावाबाहेर बसले आहेत, सापडणार काडी ओढणारा. खरं बोलणं हे पिक्चरचं शेवटचं रीळ नसतं, पोरी. त्याच्यानंतरही गावात राहावं लागतं."

हे सगळं मी तेव्हा समजून घेतलं असतं, सर. भीती मला कळते. माझे वडील स्टेशन मास्तरला भीत, मी प्राचार्यांना भ्यायले, सगळी नोकरीभर. तुम्ही नुसते भ्यायला असतात तर मी तुमच्यावर आज दोन पानं हसू येईल अशी लिहिली असती. पण तुम्ही बघितलंत. खिडकी लावली नव्हतीत तुम्ही. किती बारकाईने बघितलंत, कोंबड्यांच्या उंचीचा धूर आणि पाठमोरी बाई. ते मनात जपलंत, घासलंत, त्याला धार लावलीत आणि फौजदारापुढे जे तोंडातून निघालं नाही ते डॉक्टरांच्या बायकांपुढे काढलंत, माझा मुद्दा खोडायला. एका बाईचं घर तुम्हाला उदाहरण म्हणून उपयोगी पडलं. हे मी तुम्हाला त्या दिवशी म्हणू शकले नाही. मी एवढंच म्हणाले, "सर, पाट्याचं मात्र फार सुंदर सांगितलंत." तुम्हाला वाटलं मी नमतं घेते आहे. तुम्ही मान डोलावलीत.

मंडळ पुढे बरीच वर्षं चाललं. मी पुन्हा त्या स्टुलावर बसले नाही. दुसरी कुणीतरी काच मिळाली तुम्हाला. मी त्याच कॉलेजात इंग्रजीला लागले, तुमच्या शेजारच्या खोलीत शिकवलं, तुमचा आवाज भिंतीतून ऐकला. तुम्ही निवृत्त झालात. मग नामविस्तार झाला, विद्यापीठाला अखेर नाव मिळालं, आणि कॉलेजने कार्यक्रम ठेवला तेव्हा बोलायला तुम्हालाच बोलावलं. पेढे वाटले. तुम्ही माइकपुढे उभे राहिलात, चष्मा काढलात, आणि म्हणालात, "आपण सारे एका ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार आहोत." सर, हा शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी पेढा पर्समध्ये टाकला, घरी जाऊन मुंग्यांना घातला. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. अंत्ययात्रेला सगळं गाव होतं. तुमच्या बांधाला बांध असलेलेही होते, पुढे, खांदा द्यायला.

ती जिंतूरला शाळेत शिकवत होती, आता निवृत्त आहे. तिची आई तो भाजून आखडलेला हात तसाच घेऊन वारली. परवा सचिवाचा फोन ठेवल्यावर मी तिला लावला. म्हटलं, "सरांवर लिहायला सांगताहेत. काय लिहू?" ती खो खो हसली. "लिव की. सरांचं निरीक्षण लय बारीक होतं म्हणून लिव."

कोर्टाचा दिवस सांगायचा राहिला, परिसंवादानंतरचा. तुम्हाला तो ठाऊक नाही, कारण तुम्ही आला नाहीत. तिचे वडील आत साक्षीला उभे होते, आम्ही दोघी व्हरांड्यात. आतून वकिलाचा आवाज येत होता, "म्हणजे तुमच्या नातेवाइकांशिवाय हे कुणीही पाहिलेलं नाही?" आणि तिच्या वडिलांचा खोल गेलेला आवाज, "गावानं बघितलं, साहेब. गाव आलं न्हाई." फाटकाशी रिक्षा थांबली की मी मान वर करायची. सायकलची घंटा वाजली तरी. तिच्या लक्षात आलं. "कुणाची वाट बघायलीस गं सारखी?" मी म्हटलं, "आमच्या बाबांची. ड्यूटी संपली की डबा घेऊन येतो म्हणाले." ती म्हणाली, "मंग बरं. मला वाटलं तुला पिक्चर दिसायलाय." दुपारनंतर सगळं आटोपलं. पुढे निकालात, त्रयस्थ साक्षीदार नाही म्हणून, सगळे सुटले.

हे पत्र मी कुठं पाठवणार? स्मरणिकेत देणार नाही; त्यांनी व्याकरण तपासायला घेतलं असतं. घरातच राहील. फक्त एक गोष्ट सांगायची होती, जी मी तिलाही इतक्या वर्षांत सांगितलेली नाही. बाबा त्या दिवशी मनमाडच्या गाडीवर होते. डबा कुठून येणार होता? मी तुमची वाट बघत होते.